उपचार ठरवताना रोग्याचा शब्द

(पानिपतजवळ काला अंब येथे १४ जानेवारीच्या स्मरणसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात, पानिपतच्या लढाईत, काय घडलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले, घराघरांतली कर्ती माणसं गेली. त्यांना वंदन करायला आपण दरवर्षी इथे जमतो. आज मला त्यांच्या जोडीने जखमींची आठवण करायची आहे. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेर बहाद्दर घायाळ अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात पोचले. सूरजमल लढाईपासून दूर राहिला होता, पण हरलेल्या मराठ्यांना त्याने अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिलं. समशेर बहाद्दर वाचले नाहीत. महादजी शिंदे वाचले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना रणातून काढलं. पायाच्या जखमेने महादजी जन्मभर लंगडत चालले, आणि तसेच लंगडत त्यांनी दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांचा दरारा पुन्हा बसवला.

जखम वैद्य बांधतो. त्या जखमेसकट पुढची वर्षं कशी काढायची, हे मात्र ज्याचं शरीर आहे त्यालाच ठरवावं लागतं. आजचा माझा विषय इथूनच सुरू होतो. आजाराचं ज्ञान डॉक्टरकडे असतं. त्या आजाराने आपल्या आयुष्यातलं नेमकं काय हिरावलं आहे, काय परत हवं आहे आणि त्यासाठी किती सोसायची तयारी आहे, याचं ज्ञान फक्त रोग्याकडे असतं. हे दुसरं ज्ञान विचारल्याशिवाय मिळत नाही. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही, एक्स-रेमध्येही उमटत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की रोग्याला त्याची पसंती विचारणं हा निदानाचाच भाग आहे. ते न विचारता ठरवलेला उपचार शास्त्राच्या कसोटीवरसुद्धा अपुरा आहे. उपचाराच्या खोलीत हे जितकं खरं, तितकंच दवाखाना बांधताना आणि आरोग्याचा कार्यक्रम आखतानाही खरं आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणं आधी सांगतो.

पुण्याजवळचं नाक

पानिपतानंतर तीसेक वर्षांनी, इंग्रज आणि टिपू यांच्या युद्धात, कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. जखमा भरल्या आणि तो जगला. कापलेल्या नाकाने माणूस मरत नाही. शरीरापुरतं पाहिलं तर उपचार तिथेच संपला होता. कावसजीला मात्र चारचौघांत तोंड दाखवायचं होतं. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक घडवून त्याचा आकार कपाळावर उतरवायचा, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची आणि तिथे बसवायची, अशी ती रीत होती. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आज जगभर चालणाऱ्या प्लास्टिक सर्जरीचा एक मोठा झरा पुण्याजवळच्या त्या शस्त्रक्रियेत उगम पावतो.

ही कला कशामुळे टिकली? नाक गेलं तरी श्वास चालतो, जेवता येतं. लोकांना त्याहून अधिक काही हवं होतं, ते त्यांनी मागितलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका जातीतल्या कारागिरांनी ते देण्याचं कौशल्य सांभाळलं. रोग्याच्या आयुष्यात कशाला किंमत आहे यावरून शास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली.

ज्या स्त्रिया दवाखान्यात गेल्या नाहीत

दुसरं उदाहरण आनंदीबाई जोशी यांचं. त्यांचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत ते भरसभेत सांगितलं. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला आपल्याकडच्या बायका तयार नाहीत, म्हणून हिंदू स्त्री डॉक्टर हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्या वेळचे पुष्कळ शहाणे लोक या बायकांच्या अडाणीपणाला नावं ठेवत होते. सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी दोष बायकांवर टाकला नाही. बायकांना जे हवं आहे ते देणारी व्यवस्था नाही, हे त्यांनी ओळखलं आणि ती उणीव भरायला त्या समुद्र ओलांडून गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचं निधन झालं.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय स्त्रियांसाठी होतं आणि तिथे उपचारही स्त्री डॉक्टर करत. त्या कामासाठी इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. पुढे त्यांच्याच आधाराने रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन त्यांनी सुरतेत अनेक वर्षं काम केलं. आपल्या देशात स्त्रिया डॉक्टर होऊ लागल्या त्यामागे सुधारकांची तळमळ होती, दानशूरांचा पैसा होता. पण त्याच्याही आधी, पुरुष डॉक्टरकडे जायला नकार देऊन घरात दुखणं काढणाऱ्या असंख्य बायका होत्या. त्यांच्या नकाराकडे कुणीतरी मागणी म्हणून पाहिलं, तेव्हा वाट फुटली.

गडचिरोलीने शिकवलेलं

आता आपल्या काळात येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सरकारी दवाखाना असूनही गोंड आदिवासी तिथे का जात नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मिळालेली उत्तरं साधी होती. दवाखान्याच्या मोठ्या इमारतीत आम्हाला भीती वाटते. तिथले डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतो. रोग्याला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथे आमचा देवही नसतो.

हे ऐकून ‘अज्ञान आहे, प्रबोधन करू’ असं म्हणता आलं असतं. बंग पती-पत्नींनी दवाखान्याचा आराखडाच बदलला. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातलं रुग्णालय आदिवासी गावासारखं उभं राहिलं. रोग्यांसाठी झोपड्या, जिथे घरची माणसं सोबत राहतील. देवीचं देऊळ. दवाखान्याचं नाव मां दंतेश्वरी दवाखाना. दंतेश्वरीच्या जत्रेला गावोगावचे लोक जमतात, त्या वेळी आरोग्य संसद भरवायची आणि आधी कोणत्या आजारावर काम करायचं ते लोकांनी ठरवायचं, अशी पद्धत पडली. लोकांनी मलेरिया पुढे केला, तेव्हा मलेरियाचं काम हाती घेतलं गेलं. बायकांनी सांगितलं की घरातली दारू हेच आमचं दुखणं आहे. कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात दारूबंदी हा औषधोपचार म्हणून दिलेला नसतो. तरी लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

याच जिल्ह्यातला दुसरा धडा जगाने घेतला. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी त्या काळी सरकारी कार्यक्रमांची समजूत होती. राणी बंग यांनी गावातल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटात दुखणं अशी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली दुखणी बाहेर आली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाने हा अभ्यास छापला आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची नजर बदलू लागली. आजार आधीपासून होतेच. विचारणारं कुणी नव्हतं.

तिसरा धडा नवजात बाळांचा. तिथल्या आया घरी बाळंत होत, आणि आजारी बाळ घेऊन दूरच्या रुग्णालयात जाणं त्यांना शक्य नव्हतं, मान्यही नव्हतं. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन घेत, ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध आणि इंजेक्शन देत. ३९ गावांतल्या या प्रयोगाने नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी केले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, आणि पुढे आशा ताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. ‘रोग्याच्या मर्जीने चाललं तर उपचाराचा दर्जा घसरेल’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा जरूर पाहावा. लोक जिथे आहेत आणि जसे राहू इच्छितात तिथून सुरुवात केली, म्हणूनच ही बाळं वाचली.

दोन्ही उत्तरं बरोबर असतात तेव्हा

काही आजारांत प्रश्न नसतो. अपेंडिक्स फुटलं असेल, साप चावला असेल, तर वेळ न दवडता जे करायचं ते करावंच लागतं. पण वैद्यकातला फार मोठा भाग असा आहे, जिथे दोन-तीन मार्ग शास्त्राला सारखेच मान्य असतात आणि निवड माणसाच्या आयुष्यावर अवलंबून असते.

स्तनाचा कर्करोग घ्या. लवकर सापडलेल्या गाठीसाठी पूर्ण स्तन काढणं हा एक मार्ग. फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार देणं हा दुसरा. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांचं आयुष्यमान सारखंच निघालं. मग निवड कशावर करायची? सोलापूरकडच्या एखाद्या शेतकरी बाईला मुंबईत किरणोपचार घ्यायचे तर कित्येक आठवडे तिथेच राहावं लागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तरी मागे घर, गुरं, शाळेत जाणारी मुलं असतात. ती म्हणेल, एकदाच काय ते ऑपरेशन करा आणि मला घरी जाऊ द्या. तिच्याच वयाची दुसरी म्हणेल, कितीही महिने लागू देत, माझं शरीर मला अखंड हवं आहे. दोघींचंही बरोबर आहे. चूक होईल ती डॉक्टरने दोघींसाठी मनातल्या मनात ठरवून टाकलं तर. पहिलीला दुसरीचा उपचार मिळाला, तर रोगाचं निदान अचूक असूनही उपचार चुकला असं म्हणावं लागेल.

जॉन वेनबर्ग या अमेरिकी डॉक्टरने १९७३ मध्ये व्हरमॉन्ट राज्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारशेजारच्या भागांत राहणाऱ्या, सारख्याच लोकांमध्ये टॉन्सिल काढण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं होतं. मुलं एका भागात जास्त आजारी पडत नव्हती. वेगळी होती ती डॉक्टरांची सवय. जिथे रोग्याची पसंती विचारली जात नाही, तिथे ती जागा रिकामी राहत नाही. डॉक्टरची सवय, रुग्णालयाची सोय किंवा बिलाचा हिशेब तिथे येऊन बसतो.

आणि विचारल्याने काय होतं, हेही तपासून झालं आहे. उपचारांचे पर्याय, त्यांचे फायदे-तोटे आणि आकडे सोप्या भाषेत मांडणारी पत्रकं किंवा चित्रफिती रोग्यांना दिल्या, तर काय फरक पडतो यावरच्या १०५ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. त्यांत ३१,००० हून अधिक माणसं होती. अशी मदत मिळालेल्यांना आपल्या आजाराची अधिक माहिती होती, आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते अधिक स्पष्ट होतं, आणि ठरवण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता.

सही आणि संमती

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे विचारतात की. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेतातच. या सहीबद्दल दिल्लीतला एक खटला आपण सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

मे १९९५ मध्ये समीरा कोहली या ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीला पाळीच्या त्रासासाठी दुर्बिणीने तपासायचं ठरलं. त्यांनी त्या तपासणीला संमती दिली. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारलं आणि गर्भाशय व दोन्ही बीजकोश काढून टाकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की रोगी सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिला विचारायला हवं होतं. डॉक्टरचा हेतू चांगला होता, हे न्यायालयाने नाकारलं नाही. चांगला हेतू पुरेसा नाही, हा त्या निकालाचा धडा आहे.

आणि सही मिळाली, तीही रोग्याच्याच हाताची, तरी काम संपतं का? त्यासाठी बीडकडे पाहावं लागेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायका तिशीच्या आतबाहेर गर्भपिशवी काढून घेतात, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. यांतल्या कित्येक बायका स्वतःहून म्हणाल्या असतील, ‘डॉक्टर, पिशवी काढून टाका.’ पण हे वाक्य कुठून येतं? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत बदलायला आडोसा नाही, मुक्कामाला पालाची खोपी. त्यात पांढरं जाण्याच्या साध्या तक्रारीला कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली. या बाईला पसंती आहे असं म्हणायचं, तर तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता?

म्हणून रोग्याची पसंती विचारणं म्हणजे त्याच्या तोंडचं पहिलं वाक्य लिहून घेणं नव्हे. ‘का?’ हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो. त्या बाईला ‘का’ विचारलं असतं, तर उत्तरात खाडा आला असता, संडास आला असता, भीती आली असती. मग उपचाराच्या यादीत जंतुसंसर्गावरची औषधं आली असती, पाळीच्या दिवसांत भरपगारी रजा आली असती, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय आली असती. पिशवी बहुतेकींची जागच्या जागी राहिली असती. हेच सलाईन आणि सुई मागणाऱ्या रोग्यालाही लागू आहे. मागितलं म्हणून अनावश्यक इंजेक्शन देणारा डॉक्टर रोग्याचा मान राखत नाही. त्याला अशक्तपणा कशामुळे जाणवतो, उद्या कामावर जायची घाई का आहे, हे जो विचारतो, तो मान राखतो.

शेवटच्या दिवसांबद्दल

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची सेवा केली. त्या सेवेपुढे हात जोडावेत. अरुणा यांना या अवस्थेतून मोकळं करावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवकवर्गाचा मानला. याचिका करणारीलाही कळवळा होता, परिचारिकांनाही होता, न्यायाधीशांनाही होता. फक्त अरुणाचं स्वतःचं म्हणणं काय असतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ती धडधाकट असताना तिला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि त्या काळी तशी रीतही नव्हती.

आज रीत आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा उरली नाही, तर व्हेंटिलेटर नको, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न नको, किंवा हे सगळं हवं, असं काहीही त्यात लिहिता येतं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात असतात, आणि प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ च्या मे महिन्यात आपलं असं इच्छापत्र नोंदवलं. मानसिक आजारांसाठी तर २०१७ च्या कायद्यानेच प्रत्येक सज्ञान माणसाला हा हक्क दिला आहे. आजार बळावला तर माझ्यावर कोणते उपचार करा, कोणते करू नका आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे बरं असतानाच लिहून ठेवता येतं.

काहींना वाटतं, अशा बोलण्याने माणूस लवकर मरेल, त्याची उमेद जाईल. बोस्टनमधल्या एका अभ्यासाने उलटं दाखवलं. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांपैकी काहींना नेहमीचा उपचार दिला, आणि काहींना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून वेदनाशामक व सांत्वनपर काळजी दिली, ज्यात तुम्हाला काय हवं आहे हे सतत विचारलं जाई. २०१० मध्ये निष्कर्ष आले. दुसऱ्या गटातल्या रोग्यांना शेवटी कमी आक्रमक उपचार मिळाले, त्यांचं मन अधिक स्वस्थ राहिलं, आणि ते सरासरीने अडीचेक महिने जास्त जगले. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून हीच काळजी देत आहेत.

तीन आक्षेप

या विषयावर बोललं की तीन गोष्टी नेहमी ऐकू येतात.

पहिली, वेळ कुठे आहे? बाह्यरुग्ण विभागात दिवसाला शंभर रोगी. हे खरं आहे. म्हणून सगळं डॉक्टरने करावं असं मी म्हणत नाही. परिचारिका, समुपदेशक, आशा ताई विचारू शकतात. पत्रक देता येतं. रोग्याला आणि घरच्यांना एक रात्र विचाराला देता येते. अवघड निर्णयांपैकी फार थोडे निर्णय त्याच क्षणी घ्यावे लागतात.

दुसरी, आपला माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा.’ अगदी म्हणतो. ती सुद्धा एक पसंती आहे आणि तिचा मान राखावा. पण ती माहिती ऐकल्यानंतर आलेली असावी. ठरवायचं काम मी घेतो, पण तुम्हाला कशाची सर्वांत जास्त काळजी वाटते तेवढं सांगा, असं डॉक्टर म्हणू शकतो. मग ठरवणारा डॉक्टर असला तरी निर्णय रोग्याच्या आयुष्याला धरून होतो.

तिसरी, घरचे म्हणतात, ‘पेशंटला सांगू नका, त्याला धक्का बसेल.’ हे प्रेमापोटी असतं. मात्र आजार कोणाचा, हे विसरू नये. किती जाणून घ्यायला आवडेल, हे रोग्यालाच आधी विचारावं. बऱ्याचदा त्याला कळलेलं असतं, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प असतो. एकाच खाटेभोवती सगळे एकमेकांपासून लपवत राहतात, आणि बोलायचे शेवटचे दिवस निसटून जातात.

काय करता येईल

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचा नियम आहे. भिंतीवरची सनद चांगलीच आहे. मला त्यापुढे एक मागणी मांडायची आहे. दवाखान्यात आपला केस पेपर निघतो. त्यात नाव, वय, तक्रार, तपासणी, निदान, औषध यांना जागा असते. त्यात आणखी एक ओळ छापावी: ‘रोग्याला काय महत्त्वाचं वाटतं.’ तिथे कुणी लिहील, दिवसाची मजुरी बुडू नये. इथल्या पानिपतच्या हातमागावरचा मजूर नेमकं हेच सांगेल, आणि मग त्याच्या क्षयाची औषधं सकाळी दहाच्या रांगेऐवजी संध्याकाळी द्यायची व्यवस्था करावी लागेल. कुणी लिहील, स्त्री डॉक्टर हवी. कुणी लिहील, गुडघा दुखला तरी चालेल, पण पंढरीची वारी चुकायला नको. ही ओळ रिकामी राहिली तर ती का रिकामी, हे कुणालातरी विचारता येईल. तक्रारीची ओळ भरल्याशिवाय औषध लिहिलं जात नाही. ही ओळ भरल्याशिवायही लिहू नये.

आणि घरच्यांसाठी एक सांगणं. आई-वडील चालते-बोलते असताना त्यांना हे विचारा. फार आजारी पडलात तर कुठे राहायला आवडेल, घरी की रुग्णालयात? काय करता येत नसेल तर जगणं जड वाटेल? तुमच्या वतीने आमच्यापैकी कोणी बोलावं? सुरुवातीला ते हसतील, रागावतील, ‘अभद्र बोलू नका’ म्हणतील. पुन्हा विचारा. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवा, भावंडांना दाखवा, आणि शक्य असेल तर नोटरी करून घ्या. मग आपलंही लिहा. असा कागद घरात असला, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावाभावांत वाद होणार नाहीत, आणि नंतरची कित्येक वर्षं ‘आपण बरोबर केलं ना?’ हा प्रश्न कुणाला पोखरणार नाही.

डॉक्टर मित्रांना एवढंच सांगेन की विचारल्याने तुमचा अधिकार कमी होत नाही. आनंदीबाईंनी बायकांचा नकार ऐकला, बंग पती-पत्नींनी आदिवासींची भीती ऐकली, आणि त्यातून जी आरोग्यसेवा उभी राहिली ती आज शास्त्राच्या कसोटीवरही उजवी ठरली आहे. पुढचा केस पेपर हातात आला की निदान लिहिण्याआधी ‘तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?’ हा प्रश्न विचारा, आणि मिळालेलं उत्तर रोग्याच्याच शब्दांत तिथे लिहा.